घटस्फोटाचा कायदा बदलला म्हणतात, तो नक्की कुठे बदलला? आणि घरात काय बदलतं?

निशिगंध | रविवार, रात्री ९:४०

गेले आठ दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितेच.

माझ्या धाकट्या भावाचा घटस्फोट गेल्या मार्गशीर्षात झाला. परस्परसंमतीनं. दोघांनी एकाच बाकावर बसून, एकाच पेनानं, अकरा पानांच्या कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे दोघांत ठरलेल्या अटींच्या कागदावर, पानोपानी सह्या केल्या. बाहेर आल्यावर वहिनीनं पिशवीतून भाच्याची कंपासपेटी काढून माझ्या हातात ठेवली. "ताई, ही तुमच्याकडेच राहू दे. तिकडे त्याला दुसरी घेतलीय." कायद्यानं ती आता माझी वहिनी नाही. पण मला दुसरा शब्द सापडत नाही आणि शोधायचाही नाही.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: 'नवा कायदा लागू. सहा महिने थांबायची अट रद्द. घटस्फोटात बायकोला नवऱ्याची अर्धी मालमत्ता.' दोन्ही वाक्यं चूक. पण खाली चुलत्यांपासून मामेभावापर्यंत सगळ्यांनी मतं दिली. माझ्या आतेबहिणीच्या मुलीचं सध्या सासरी बिनसलंय आणि ती त्याच ग्रुपवर आहे. रात्री साडेअकराला तिचा फोन. "मावशी, आता हे लोक मला पंधरा दिवसांत मोकळं करतील का गं?" आवाज कापत होता पोरीचा. तिला जे सांगितलं तेच इथे नीट लिहिते. मी वकील नाही. दोन वर्षं भावाबरोबर तारखांना गेले, कागद वाचले, न कळलेलं पुन्हा पुन्हा विचारलं, एवढंच.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात सुरुवातीला संमतीचा घटस्फोट नव्हताच. समोरच्याचा दोष किंवा आजार दाखवावा लागे. क्रूरता आणि सोडून जाणं हीसुद्धा घटस्फोटाची कारणं झाली ती १९७६ च्या दुरुस्तीनं, आणि त्याच दुरुस्तीनं कलम १३-ब आलं, म्हणजे ज्याला आपण 'म्युच्युअल' म्हणतो ते. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, एकत्र राहणं जमलेलं नसावं, दोघांची संमती असावी. अर्ज दिला की सहा महिने थांबायचं, मग अठरा महिन्यांच्या आत पुन्हा जाऊन 'आमचं ठरलंय' असं सांगायचं. कलमाचे हे शब्द आजही तेच आहेत. बदलला तो शब्दांचा अर्थ, आणि तो संसदेनं नव्हे, न्यायालयांनी बदलला.

१२ सप्टेंबर २०१७ ला अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सहा महिन्यांची मुदत अगदी पाळलीच पाहिजे अशी सक्ती नाही. न्यायाधीश ती माफ करू शकतात. पण कधी? पहिला अर्ज देण्याआधीच दोघं वर्ष अधिक सहा महिने, म्हणजे दीड वर्ष वेगळे असतील, समेटाचे सगळे प्रयत्न थकले असतील, पोटगी आणि मुलाचा ताबा खरोखर मिटला असेल, आणि आणखी थांबणं म्हणजे नुसता जाच असेल, तेव्हा. पहिल्या अर्जानंतर आठवड्यानं माफीचा अर्ज करता येतो. म्हणजे अट रद्द झाली नाही, विचारायची सोय झाली.

दुसरी गोष्ट 'संसार पार मोडलाय' या कारणाची. असं कारण कायद्यात घाला, हे विधी आयोगानं १९७८ मध्येच सुचवलं होतं. २०१० मध्ये विधेयक आलं, २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूरही झालं, पण लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. त्याच विधेयकात नवऱ्याच्या मालमत्तेतून पत्नीला वाटा द्यायची तरतूद होती. ती अर्ध्या मालमत्तेची अफवा मला वाटतं तिथूनच फिरतेय. मग १ मे २०२३ ला शिल्पा शैलेश प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ठरवलं की संसार सावरण्यापलीकडे गेला असेल तर सर्वोच्च न्यायालय घटनेच्या कलम १४२ खाली तो संपवू शकतं, एकाची तयारी नसली तरी. पण हे फक्त सर्वोच्च न्यायालय करू शकतं, तेही स्वतःच्या विवेकानं. आपल्या कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार नाही आणि थेट दिल्लीला अर्ज टाकूनही मिळत नाही. म्हणजे एकानं 'नाही' म्हटलं तर आजही क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, यातलंच काहीतरी सिद्ध करावं लागतं. माझ्या भाचीला कुणी पंधरा दिवसांत मोकळं करू शकत नाही.

आता आमच्या घराचं. त्या अकरा पानांत सगळं होतं. एकरकमी पोटगी, दागिन्यांची यादी वजनासकट, फ्लॅटचे राहिलेले हप्ते कुणी भरायचे, शाळेची फी, भाच्यानं बाबाकडे कुठल्या शनिवारी यायचं. आईचं नाव मात्र अकरा पानांत कुठे नव्हतं. तिनं त्याला तीन महिन्यांचा असल्यापासून न्हाऊमाखू घातलं, वहिनी कामावर जायची तेव्हा दिवसभर सांभाळलं. यंदा गणपतीत तो आला नाही, कारण पहिले तीन दिवस 'आईकडचे' निघाले. आईनं नैवेद्याचं पान वाढताना त्याच्या आवडीचा गुळाचा मोदक बाजूला काढून ठेवला आणि तो दुसऱ्या दिवशीपर्यंत तसाच होता. कुणाचीच चूक नव्हती. आमच्यापैकी कुणी तो मुद्दा लिहायलाच सांगितला नव्हता.

ज्यांच्या घरी हे चालू आहे किंवा होऊन गेलंय, त्यांनी लिहा. कागदात काय राहून गेलं ते विशेष करून.

केळीचं_पान | रविवार, रात्री १०:२५

ताई, खूप मोकळं लिहिलंत. माझ्या बहिणीचा नवरा म्हणतोय, "आधी पहिल्या अर्जावर सही कर, पैशांचं नंतर बघू." ती कंटाळून तयार झालीय. करू द्यावी का?

काळाकोट | रविवार, रात्री ११:१०

मुळीच नाही. बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून ठाम सांगतो. ताईंनी कायदा बरोबर मांडलाय, त्यात थोडी भर घालतो.

पहिल्या अर्जालाच अटी पूर्ण लिहिलेल्या हव्यात. किती रक्कम, कितीचे हप्ते, कुठल्या तारखेला, डिमांड ड्राफ्टनं की खात्यावर, आणि शेवटचा हप्ता हुकूमनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या अंतिम आदेशाच्या दिवशी की नंतर. १९९१ च्या सुरेष्टा देवी निकालापासून स्पष्ट आहे की संमती हुकूमनामा होईपर्यंत टिकली पाहिजे, दोघांतलं कुणीही मधेच मागे घेऊ शकतं. तुमच्या बहिणीचंही हेच बळ आहे. तिनं ते कोऱ्या शब्दावर घालवू नये. त्याच निकालात आणखी एक आहे जे लोकांना माहीत नसतं: 'वेगळं राहणं' म्हणजे वेगवेगळी घरं असलीच पाहिजेत असं नाही. मुंबईत वन रूम किचनमध्ये एकाच छताखाली, पण नवरा-बायको म्हणून नव्हे, असं राहणारे कितीतरी अशील मी पाहिलेत.

सहा महिन्यांच्या माफीबद्दल ताजं उदाहरण म्हणजे क्रिकेटपटू युजवेंद्र चहल आणि धनश्री वर्मा यांचं. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयानं माफी नाकारली होती, कारण ठरलेल्या पावणेपाच कोटींपैकी निम्मीच रक्कम दिली होती. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं कराराची भाषा पाहिली. दुसरा हप्ता हुकूमनाम्यानंतर द्यायचा असंच त्यात लिहिलेलं होतं, म्हणजे अटी मोडलेल्या नव्हत्या. माफी मिळाली. पैसे त्यांचे मोठे असतील, पण मुद्दा तुमच्या-आमच्यासाठी तोच: कागदावर हप्ता कधीचा लिहिलाय.

आणखी एक. १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नवरा-बायकोनं एकमेकांचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून मांडता येतं. तेव्हापासून माझ्याकडे येणारा दर दुसरा माणूस आधी मोबाइल पुढे करतो. मी सगळ्यांना सांगतो, मुलाच्या देखत फोन लपवून भांडण रेकॉर्ड करू नका. दाव्यात कदाचित चालेल, पण पोर ते बघत असतं.

अबोली_कोल्हापूर | सोमवार, सकाळी ७:५०

काळाकोट साहेब, खेड्यातलंही लिहा की. आमच्याकडे अजून सोडचिठ्ठी चालते. पूर्वी शंभराच्या, आता पाचशेच्या स्टॅम्पवर दोन्हीकडच्या चार माणसांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, झाली फारकत. माझ्या लेकीचं असंच केलं. तिच्या मामांनी, तिच्या चुलत्यांनी, सगळ्यांनी चांगल्या मनानं केलं. चार वर्षांनी तिला दुसरं स्थळ आलं तेव्हा कळलं की कायद्यानं ती अजून पहिल्याचीच बायको आहे. मुलाकडचे गेले निघून.

काळाकोट | सोमवार, सकाळी ९:०५

अबोलीताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. नोटरीला लग्न मोडायचा अधिकार नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) मध्ये जातीच्या रूढीनुसार होणाऱ्या काडीमोडीला जागा आहे, पण ती रूढी जुनी आणि अखंड चालत आलेली आहे हे पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. साध्या स्टॅम्पपेपरवर विसंबून दुसरं लग्न लावलं की ते रद्दबातल ठरण्याची टांगती तलवार कायम. एक दिलासा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुखदेव सिंग विरुद्ध सुखबीर कौर या निकालात सांगितलंय की लग्न रद्दबातल ठरलं तरी याच कायद्याच्या कलम २५ खाली पोटगी मागता येते. तरी तुमच्या लेकीनं आधी कोर्टाचा हुकूमनामा घ्यावा. दोघं चार वर्षं वेगळे आहेतच, समोरचा सही द्यायला तयार असेल तर माफीचाही अर्ज बसतो. ती सध्या माहेरी असेल तर तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. २००३ पासून पत्नीला ती जिथे राहते तिथे दावा लावायची मुभा आहे.

रानवारा | सोमवार, दुपारी १:३०

मी बाप आहे, त्यामुळे माझी बाजू कडू वाटेल. कायदा बदलला, बदलला म्हणता. माझ्यासाठी काय बदललं?

दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत दोन तास. प्लास्टिकची घसरगुंडी, भिंतीवर ससा-कासव, दाराच्या वर घड्याळ. मुलगी सहा वर्षांची. पहिला अर्धा तास ती माझ्याकडे बघतच नाही, बुटाच्या वेलक्रोशी खेळत बसते. मी आईनं केलेले शेंगदाण्याचे लाडू नेतो. ती एक उचलते, हळूहळू कुरतडते. मग शाळेतलं काहीतरी सांगायला लागते, हसते, मांडीवर येते, आणि बाई येऊन सांगतात वेळ झाली. मी महिन्याला अठरा हजार अंतरिम, म्हणजे दावा चालू असेपर्यंतची, पोटगी भरतो, एकदाही चुकवलेली नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ती माझी लेक आहे. पण पोटगीची तारीख चुकली तर वॉरंट निघतं, आणि माझी भेट चुकली तर पुढची तारीख पडते. हे मला कुणीतरी समजावून सांगा.

अबोली_कोल्हापूर | सोमवार, दुपारी २:१५

दादा, तुमचं वाचून गलबललं. पण पोटगीला नावं ठेवू नका. माझ्या लेकीला एक पैसा मिळाला नाही. चार माणसांनी 'मागणार नाही' असं तिच्याकडून लिहून घेतलं.

रानवारा | सोमवार, दुपारी २:४०

ताई, नावं नाही ठेवत. मागायला हवी होती तिनं. माझं म्हणणं एवढंच की पैशाइतकंच भेटीलाही कुणीतरी गंभीरपणे घ्यावं.

निशिगंध | सोमवार, सायंकाळी ६:२०

रानवारा, तुमचा घड्याळाचा उल्लेख डोक्यातून जात नाहीये.

तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण भावाच्या वेळी एक निकाल उपयोगी पडला तो सांगते. यशिता साहू प्रकरण, जानेवारी २०२०. त्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्यक्ष भेटीखेरीज संपर्काचा हक्क वेगळा मांडलाय. ज्याच्याकडे ताबा नाही त्या आई किंवा बापाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलता यायला हवं. आम्ही ते कन्सेंट टर्म्समध्ये वेळेसकट घातलं: रोज रात्री सव्वाआठ ते साडेआठ. सुरुवातीला भाचा नुसता कॅमेऱ्यासमोर पेन्सिल फिरवायचा. आता पाढे म्हणून दाखवतो. तुमच्या वकिलांना विचारा, हा अर्ज चालू दाव्यात देता येतो का. माझ्या मते कोर्टाच्या खोलीऐवजी बागेत किंवा घरी भेट मागण्याइतकाच तो महत्त्वाचा आहे, कारण मूल रोज दिसलं तर शनिवारी पहिला अर्धा तास बुटाशी खेळण्यात जात नाही.

काळाकोट | सोमवार, रात्री ९:३०

देता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली, दावा चालू असतानाही आणि हुकूमनाम्यानंतरही. मुलांबद्दलचा आदेश कधीच कायमचा शिक्कामोर्तब झालेला नसतो. मूल वाढतं तसा तो बदलून मागता येतो. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, असं १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात आहे. पण 'सहसा' आहे आणि सगळ्याच्या वर मुलाचं हित आहे. रानवारा, भेट न घडल्याची प्रत्येक तारीख वहीत लिहा आणि अर्जाला जोडा. तक्रारीच्या सुरात नको. फक्त तारखा.

पोटगीबद्दलही सांगतो, कारण तिथे खरा मोठा बदल झालाय आणि तो आपल्या नागपूरच्या दाव्यातून झाला. रजनेश विरुद्ध नेहा. बाईंनी २०१३ मध्ये अर्ज केला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयानं २०१५ मध्ये पत्नीला दरमहा १५ हजार, मुलाला आधी ५ आणि नंतर १० हजार अंतरिम पोटगी दिली. ते भांडण नागपूर खंडपीठ करत दिल्लीपर्यंत गेलं. निकाल ४ नोव्हेंबर २०२०. सात वर्षं गेली पाहा अंतरिम पोटगीत. त्या निकालानं दोन गोष्टी पक्क्या केल्या. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र दाखल करायचं. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, आदेशाच्या तारखेपासून नव्हे. त्यामुळे मुद्दाम तारखा घेत बसण्यात पूर्वीइतका फायदा उरला नाही. ते शपथपत्र भरताना मात्र जपा. पगाराची पावती लपवून बँकेचं स्टेटमेंट जोडणारे महाभाग पाहिलेत मी, आणि त्यांचे चेहरेही.

फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं जुनं १२५ कलम आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ झालंय, आशय तोच. वकील १४४ म्हणाले तर दचकू नका.

खडूफळा | मंगळवार, सकाळी ६:५५

मी प्राथमिक शाळेत शिकवते. घटस्फोटाचा कागद शेवटी आमच्या टेबलावर येतो, म्हणून लिहिते.

शाळा सुटल्यावर मूल कुणाच्या हाती द्यायचं, पालकसभेला कुणी यायचं, प्रगतिपुस्तक कुणाला दाखवायचं, आजारी पडलं तर आधी फोन कुणाला, हे बहुतेक कागदांत नसतं. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाला न्यायला आई आणि बाबा एकाच दिवशी दोघं आले. दोघांनाही वाटत होतं आज आपला वार. तो दप्तर पाठीवर घेऊन दोघांच्या मधे उभा राहिला आणि मला म्हणाला, "बाई, मी अजून थोडा वेळ वर्गात थांबू का?"

आयांनो-बाबांनो, शाळेचा परिच्छेद वेगळा लिहा. सुट्ट्यांचं वेळापत्रक शाळेच्या कॅलेंडरवरून लिहा. 'दिवाळीचे निम्मे दिवस' असं लिहिलं की लक्ष्मीपूजन कुणाकडे, यावर पुढच्या वर्षी पुन्हा भांडण. सम वर्षी आईकडे, विषम वर्षी बाबांकडे, असं स्पष्ट असेल तर मूलही आधीपासून मनाची तयारी करतं. बाकी नावाचा प्रश्न सोपा होत चाललाय. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर राज्य शासनानं मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम केलाय. पासपोर्टलाही डिसेंबर २०१६ पासून आई किंवा वडील यांतलं एकच नाव चालतं.

मेहंदी | मंगळवार, सकाळी १०:१५

मिरजेहून. आमच्याकडच्या बदलांबद्दल दोन शब्द, कारण आमचं नाव निघालं की लोकांना फक्त तिहेरी तलाक आठवतो. तो २२ ऑगस्ट २०१७ ला शायरा बानो प्रकरणात अवैध ठरला आणि २०१९ च्या कायद्यानं गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण बायकांना रोजच्या जगण्यात जास्त उपयोगी पडेल असा निकाल १० जुलै २०२४ चा आहे, तेलंगणाच्या मोहम्मद अब्दुल समद प्रकरणातला. घटस्फोटित मुस्लीम बाईलाही १२५ खाली पोटगी मागता येते, असं त्यात पुन्हा स्वच्छ सांगितलं. १९८५ च्या शाहबानो निकालापासून हे घोंगडं भिजत पडलं होतं. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी त्यात गृहिणींबद्दलही लिहिलंय, की नवऱ्यानं बायकोबरोबर संयुक्त खातं ठेवावं, तिच्याकडे एटीएम कार्ड असावं. मी माझ्या वस्तीतल्या बचत गटात हा भाग वाचून दाखवला. बाया बराच वेळ गप्प होत्या. मग एकीनं विचारलं, "खातं उघडायला कुठले कागद लागतात?"

दर्यावर्दी | मंगळवार, दुपारी १२:०५

अर्ध्या मालमत्तेची अफवा तुमच्याकडे अफवा आहे, आमच्या गोव्यात तो कायदा आहे. पोर्तुगीज काळापासूनचा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक, मोडलं तर निम्मी-निम्मी. जमीन विकायलाही दोघांची सही लागते. माझ्या बहिणीला घटस्फोटानंतर म्हापशाच्या घरातला वाटा मिळाला तो कुणाच्या मेहरबानीनं नव्हे. सिंधुदुर्गात दिलेल्या माझ्या मामेबहिणीला मात्र पोटगीसाठी कोर्टात हात पसरावा लागला. गोव्याच्या हद्दीवरचा बांद्याचा नाका ओलांडला की बाईचा हक्क बदलतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

सातासमुद्रापार | मंगळवार, रात्री ८:५० (न्यू जर्सी)

इकडच्या मराठी कुटुंबांसाठी. लग्न पुण्यात हिंदू पद्धतीनं आणि घटस्फोट इथल्या कोर्टात, असं असेल तर तो हुकूमनामा भारतात आपोआप धरला जातो असं समजू नका. १९९१ च्या नरसिंह राव निकालानुसार ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यातल्या कारणावर घटस्फोट असावा लागतो, किंवा दुसरी बाजू मनापासून हजर राहून तयार झालेली असावी लागते. एकतर्फी घेतलेला कागद तिकडे टिकत नाही. मैत्रिणीनं शेवटी भारतातच संमतीचा अर्ज केला. अमरदीप सिंग निकालातच मुभा आहे: व्हिडिओ कॉन्फरन्सनं हजेरी देता येते, आई-वडील किंवा भावंडांना आपल्या वतीनं उभं करता येतं. तिच्या वतीनं तिचे बाबा उभे राहिले, वय ७४. लेकीचं लग्न लावून देणाऱ्या माणसानंच ते मोडायच्या कागदावर सही केली. फोनवर मला एवढंच म्हणाले, "हात थरथरला गं, पण सही बरोबर जुळली."

मुलांच्या बाबतीत फार सावध राहा. मुलांना परदेशातून परत आणण्याबाबतच्या हेग करारात भारत नाही. सुट्टीला म्हणून मूल नेलं आणि परत आणलंच नाही, तर दोन्ही देशांत वर्षानुवर्षं दावे चालतात.

केळीचं_पान | मंगळवार, रात्री १०:३०

बहिणीला सगळं वाचून दाखवलं. तिनं सही केली नाही. सध्या ती सासूबाईंच्या नावावरच्या घरात राहते. अर्ज दिला की तिला बाहेर काढतील का?

काळाकोट | मंगळवार, रात्री ११:००

घर सासूच्या नावावर आहे एवढ्यावरून काढता येत नाही. ऑक्टोबर २०२० च्या सतीशचंदर आहुजा निकालानंतर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही, ती तिथे संसार करत राहिली असेल तर, घरगुती हिंसाचार कायद्याखाली 'सामायिक घर' धरलं जातं. तो मालकीहक्क नाही, राहण्याचा हक्क आहे, आणि तोही वृद्ध सासू-सासऱ्यांच्या बाजूशी तोलून बघतात. तिला सांगा, दागिन्यांची यादी आणि पावत्यांचे फोटो आजच काढून तुमच्याकडे पाठव. स्त्रीधन तिचंच आहे, ते देण्याघेण्याच्या हिशेबात धरू देऊ नका. आणि महाराष्ट्रात बाईला अशा दाव्यांत कोर्ट फी माफ आहे, फीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

घरात कुणी केंद्र सरकारी निवृत्त असेल तर अजून एक. घटस्फोटित मुलीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, आणि २०१७ पासून आई किंवा वडील हयात असताना दावा दाखल झालेला असेल तर हुकूमनामा नंतर झाला तरी चालतं. बऱ्याच घरांत 'आई-बाबांना त्रास नको' म्हणून दोघांच्याही पश्चात दावा लावतात आणि तो हक्क जातो.

निशिगंध | पुढच्या रविवारी, दुपारी ४:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीनं हा धागा तिच्या आईबरोबर बसून वाचला. ती आता समुपदेशकांकडे जाणार आहे, नवऱ्यालाही बोलावलंय. कदाचित जुळेलही.

आमच्याकडचं सांगते. खडूफळा बाईंचं वाचून मी धीर केला आणि शुक्रवारी वहिनीला फोन लावला. आजी-आजोबांच्या भेटीसाठी कायद्यात वेगळं कलम नाही, हे काळाकोट साहेबांना व्यक्तिगत निरोपात विचारून घेतलं होतं. त्यामुळे हक्काची भाषा केली नाही. आईचं आणि मोदकाचं सांगितलं. वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, मलाही त्या वेळी सुचलं नाही हो. सगळे पैशांचंच विचारत होते." वकिलांकडून एक पानाची पुरवणी करून दोघांच्या सहीनं कोर्टात द्यायचं ठरलंय: मे महिन्याचे दहा दिवस आणि गणपतीचे पहिले दोन दिवस, एक वर्षाआड, आजीकडे. भाऊ सही करून आला.

आज भाचा आलाय. आई आत त्याला पुरणाचं दिंड कसं वळायचं ते दाखवतेय आणि तो तिला सांगतोय की बाईंनी त्याला वर्गात मॉनिटर केलंय. कंपासपेटी त्यानं आल्या आल्या मागून घेतली.